टॉवरवरचे डायपोल आणि त्यांना जोडणारी केबल: पार्श्वभूमी

टॉवरवर एकावर एक लावलेले डायपोल, म्हणजे रेडिओ अँटेनाचे दांडे, रस्त्यावरून दिसतात; त्यांना जोडणारा हार्नेस, म्हणजे केबलची जुळणी, दिसत नाही. ॲरे, म्हणजे एकत्र चालणारा डायपोलांचा संच, खरा घडतो तो त्या हार्नेसमध्ये, आणि गेल्या शंभर वर्षांत सर्वांत जास्त बदल झाला तोही त्यातच.

एकटा उभा डायपोल चहूकडे ऊर्जा फेकतो, पण तिचा बराच वाटा आकाशात आणि जमिनीत जातो. दोन डायपोल वर-खाली लावून एकाच फेजमध्ये, म्हणजे लहरींचे चढउतार एकाच वेळी होतील असे, चालवले की क्षितिजाकडे त्यांची बेरीज होते आणि तिरक्या दिशांना वजाबाकी. मार्कोनी कंपनीच्या सी. एस. फ्रँकलिनने १९२० च्या दशकात अनेक उभ्या तारा एकाच फेजमध्ये चालवून बीम स्टेशनं, म्हणजे ठरलेल्या दिशेला लहरींचा झोत (बीम) टाकणारी केंद्रं, उभी केली. १९२७ मध्ये इंग्लंडशी जोडलेलं त्यातलं भारतीय केंद्र आपल्या महाराष्ट्रातच होतं: प्रेषण खडकीहून, ग्रहण दौंडला. या पद्धतीत तारांपर्यंत ऊर्जा नेणारे फीडर म्हणजे नळीत नळी अशा तांब्याच्या नळ्या. प्रत्येक तारेपर्यंतची वाट सारख्याच लांबीची व्हावी म्हणून त्यांना दोन-दोन फाटे फोडत नेत. आत हवाच असल्याने लहर जवळपास प्रकाशाच्या वेगाने जाई. टेपने मोजलं तेवढंच अंतर विजेच्या हिशेबातही धरायचं.

१९३३ मध्ये पॉलिथिनचा शोध लागला, दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलमध्ये आलं, आणि नळीच्या जागी हाताने वळणारी कोॲक्स केबल मिळाली. पण भरीव पॉलिथिनमध्ये लहरीचा वेग ०.६६ पट होतो, पुढे आलेल्या फोम केबलमध्ये साधारण ०.८ पट. हार्नेसमधली बहुतेक दुखणी या दोन आकड्यांच्या गोंधळातून येतात.

१४५ मेगाहर्ट्झचा हिशेब पाहा. तरंगलांबी २.०७ मीटर. ५० ओहमला जुळवलेले दोन डायपोल, मध्यांपासून मध्यांपर्यंत एक तरंगलांबी अंतर, मधोमध टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीपासून डायपोलपर्यंतचा प्रत्येक हात ७५ ओहम केबलचा, पाव तरंगलांबीच्या विषम पटीचा (एक, तीन, पाच पाव). म्हणजे टीपाशी प्रत्येकी ११२ ओहम दिसतात आणि दोन्ही मिळून ५६. भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये पाव तरंग ३४ सेंमी, तो डायपोलपर्यंत पोचतच नाही. पाऊण तरंग १०२ सेंमी, तोही टीपासून १०३ सेंमीवरच्या डायपोलला हातभर नाही तरी बोटभर कमीच पडतो. म्हणून सव्वा तरंग, १७१ सेंमी.

आता एक हात चुकून फोम केबलचा, पण १७१ सेंमीचाच कापला, तर दोन हातांत सुमारे ८० अंशांचा फरक पडतो आणि बीम साधारण १२ अंश कलतो. ज्या डायपोलला लहर उशिरा पोचते, त्याच्या बाजूला. फोमचा हात खाली असेल तर बीम वर जातो: नाशिक शहरातून २८ किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरला पोचेपर्यंत तो सहा किलोमीटर उंचावर असतो, ब्रह्मगिरीच्याही कितीतरी वर. आणि परत फिरणारी ऊर्जा दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर? तो दीडच्या आसपास दाखवून गप्प बसतो. म्हणूनच आम्ही मीटरपेक्षा टेपवर आणि केबलवरच्या छापील अक्षरांवर जास्त विश्वास ठेवतो. हीच चूक मुद्दाम, मोजून केली की तिला डाउनटिल्ट म्हणतात: पांडवलेणीसारख्या डोंगरावरून पायथ्याची वस्ती गाठायची असेल, तर खालच्या डायपोलचा हात थोडा लांब ठेवायचा.

फोल्डेड डायपोल, म्हणजे बंद लांबट कड्यासारखा वाकवलेला डायपोल, १९३० च्या दशकातला, आरसीएच्या पी. एस. कार्टरशी जोडलेला. त्याचा मध्य थेट बूमला, म्हणजे आडव्या आधारदांड्याला आणि त्यातून टॉवरला टेकतो, त्यामुळे साचणारा स्थिर भार जमिनीत उतरतो. म्हणूनच तो डोंगरावर टिकला. मात्र एखादा उलटा बसला तर १८० अंशांचा फरक पडून क्षितिजाकडे जवळपास शून्य येतो, आणि याहीवेळी मीटर काही बोलत नाही. वर चढवण्यापूर्वी प्रत्येकाच्या ज्या बाजूला केबलची मधली तार जोडली आहे, त्या टोकाला लाल रंगाचा ठिपका द्यावा. टॉवरवर सगळे ठिपके वरच दिसले पाहिजेत.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात आधी टी मरतो. त्याचं तोंड खाली ठेवावं, आधी रबराची स्वतःला चिकटणारी टेप आणि वरून पीव्हीसी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात. कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ द्यावा. पाणी एकदा केबलच्या बाहेरच्या तारांच्या वेणीत शिरलं की ती हिरवी-काळी पडत जाते. मग तो हार्नेस वाळवत बसू नये. दोन्ही हात एकाच रिळातून नवे कापावेत.