कालबाह्य फॉलबॅक कोड काढणे (कर्नेल ड्रायव्हर इंटरफेस)

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर म्हणजे एखादे यंत्र चालवणारा त्यातला कोड. या दोघांमधल्या जोडणीत, म्हणजे ड्रायव्हर इंटरफेसमध्ये, जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरांसाठी राखलेली पर्यायी वाट, तिच्यावर एकही ड्रायव्हर उरलेला नाही याची खात्री करून, कायमची काढून टाकण्याचे काम. लिनक्स कर्नेलच्या देखभालीत ते सतत चालू असते. प्रत्यक्ष पुसायच्या ओळी बहुधा थोड्याच असतात. वर्षे जातात ती शेवटचे ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आणण्यात.

कर्नेल ड्रायव्हरला थेट नावाने हाक मारत नाही. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या फंक्शनांच्या पत्त्यांचा एक तक्ता कर्नेलच्या स्वाधीन करतो आणि कर्नेल त्या तक्त्यातून हवे ते फंक्शन बोलावतो. त्यात सुधारित फंक्शनासाठी नवी जागा केली, तरी शेकडो ड्रायव्हर एका दिवसात बदलत नाहीत. म्हणून मध्ये एक अट येते: नवे असेल तर नवे वापरा, नसेल तर जुने. हाच फॉलबॅक. नागपूरकरांना हा प्रकार इतवारी स्थानकावरून कळेल. नागभीडची नॅरोगेज २०१९ मध्ये बंद होईपर्यंत तिथे ब्रॉडगेजबरोबर दुसरे रूळ, दुसरे डबे आणि दुसरी इंजिने सांभाळावी लागत होती. फरक एवढाच, की रेल्वेने गाड्या थांबवून मग रूळ बदलायला घेतले. कर्नेलला ती मुभा नाही.

या कामाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आयऑक्टल (ioctl) या फंक्शनाचे आहे. प्रोग्राम यंत्राला खास हुकूम देतात ते याच्यामार्फत. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या संगणकांसाठी १९९६ च्या २.० आवृत्तीत ‘बिग कर्नेल लॉक’ आले. हे कुलूप एका वेळी एकाच प्रोसेसरला मिळे, आणि ड्रायव्हरचे आयऑक्टल बोलावण्याआधी कर्नेल ते स्वतः घेई. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्याचा विचारही करावा लागत नसे, आणि खरी अडचण तिथेच होती: कोणत्या ड्रायव्हरला कुलपाची खरोखर गरज आहे, हे कुणालाच सांगता येईना. २००५ मध्ये २.६.११ आवृत्तीत ‘अनलॉक्ड आयऑक्टल’ ही नवी जागा तक्त्यात आली. ती भरलेली असेल तर कर्नेल कुलूप न घेता तिकडे जाई; रिकामी असेल तर कुलूप घेऊन जुने आयऑक्टल चालवी.

पुढची पाच वर्षे ड्रायव्हर एकेक करून हलवले गेले. जिथे कुणाला खात्री नव्हती, तिथे कुलूप घेण्याची ओळ जशीच्या तशी ड्रायव्हरच्या आत ढकलली गेली. ही वरवर पळवाट वाटते, पण तिचा उपयोग मोठा होता. गरज मध्यवर्ती कोडमध्ये लपून न राहता ज्याच्या-त्याच्या फाइलमध्ये दिसू लागली. २०१० मध्ये २.६.३६ आवृत्तीत जुनी जागा तक्त्यातून गेली आणि २०११ च्या २.६.३९ मध्ये ते कुलूपही संपले.

जागा तक्त्यातून काढण्याचा एक फायदा नवख्यांच्या लक्षात येत नाही. नुसती अट पुसली, तर मागे राहिलेला ड्रायव्हर बिनतक्रार कंपाइल होतो (म्हणजे त्याचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर होते) आणि चालवताना तोंडघशी पाडतो. जागाच नसेल, तर तो कंपाइलच होत नाही. हा गोंगाट हवाच असतो. त्याआधी कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या ‘गिट ग्रेप’ने वापर शोधतात, पण मॅक्रोने (कंपाइल होताना मजकूर घडवणाऱ्या नियमाने) जोडून तयार होणारी नावे त्याला सापडत नाहीत. एका साच्याचे बदल शेकडो फाइलींत करायला ‘कॉक्सिनेल’ हे साधन वापरतात. मग सगळे पर्याय चालू ठेवून, वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी, पूर्ण कर्नेल कंपाइल करून पाहतात. पॅच, म्हणजे केलेल्या बदलांचा मजकूर, मेंटेनरकडे (त्या भागाची देखभाल करणाऱ्याकडे) ईमेलने जातो.

त्यामुळे नागपुरात व्हीएनआयटीच्या किंवा ट्रिपलआयटीच्या वसतिगृहात बसूनही हे काम करता येते. पण कंपाइल होणे म्हणजे चालणे नव्हे. यंत्र हाताशी नसेल तर ‘फक्त कंपाइल करून पाहिले आहे’ असे पॅचमध्ये सांगण्याची रीत आहे, आणि ती पाळावी. सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्याकडे त्या चिपचे जुने कार्ड मिळाले, तर ते लावून पाहणे केव्हाही बरे.

काय काढायचे यालाही मर्यादा आहे. कर्नेलच्या आतला इंटरफेस केव्हाही बदलू शकतो. वापरकर्त्यांचे चालते प्रोग्राम मात्र मोडायचे नाहीत, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह आहे. आयडीई या जुन्या पद्धतीने जोडलेल्या डिस्कांचे जुने ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीतून गेले. तोवर ‘लिबएटीए’ ही नवी व्यवस्था त्याच प्रकारच्या डिस्क बरीच वर्षे चालवत होती, म्हणून एखाद्या कार्यालयातली आयडीई डिस्क त्यामुळे निकामी ठरली नाही. तरी थोडा त्रास झालाच: पूर्वी एचडीए म्हणून दिसणारी डिस्क नव्या व्यवस्थेत एसडीए म्हणून दिसे, आणि जुने नाव लिहून ठेवलेल्या स्क्रिप्ट दुरुस्त कराव्या लागत. चालते ते न मोडण्याचे हे संरक्षण कर्नेलच्या बाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरांना नाही. एखाद्या कंपनीने आपल्या यंत्रासोबत स्वतंत्रपणे दिलेला ड्रायव्हर फॉलबॅक गेल्यावर कंपाइल झाला नाही, तर तो सुधारण्याची जबाबदारी त्या कंपनीवरच पडते. तोवर ग्राहक जुन्या दीर्घकालीन आवृत्तीवर थांबतो.