दाण्याचे माप तुसातच ठरते

तांदळाचा दाणा किती लांब-रुंद होणार, हे तो भरायला लागण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. भाताचे फूल उमलते तेव्हा त्याच्या तुसाची वाढ झालेली असते. पुढे दूध भरते ते त्या दोन टरफलांत मावेल तेवढेच. त्यामुळे दाण्याच्या आकाराचे कोडे सोडवायला निघालेले संशोधक शेवटी पोहोचले तुसाच्या पेशींपाशी : त्या किती वेळा आणि कोणत्या दिशेने विभागतात?

२००६ मध्ये चिनी संशोधकांनी तिसऱ्या गुणसूत्रावरचे ‘जीएस३’ हे जनुक हुडकून काढले. त्याचे काम लांबीला लगाम घालण्याचे. अनेक लांब दाण्यांच्या वाणांत त्यातले डीएनएचे एकच अक्षर बदललेले आहे : ‘टीजीसी’चे ‘टीजीए’. पहिल्याचा अर्थ ‘इथे सिस्टीन (प्रथिनाचा एक घटक) जोडा’, दुसऱ्याचा ‘काम थांबवा’. प्रथिन अर्धवट राहते, लगाम सुटतो आणि दाणा लांबतो. ‘जीडब्ल्यू२’ हे जनुक निकामी झाले की दाणा रुंदावतो. पाचव्या गुणसूत्रावरचा १,२१२ अक्षरांचा तुकडा गळाल्यानेही तेच होते. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून राखलेल्या बियाण्यात अशी मोडकी जनुके पुष्कळ सापडतात.

मात्र दाणा जाड झाला म्हणजे तांदूळ चांगला झाला, असे नाही. जाड दाण्यात स्टार्चचे कण बरेचदा सैल बसतात, मधल्या पोकळ्यांत प्रकाश विखुरतो आणि दाण्याचे पोट खडूसारखे पांढरे दिसते. असा दाणा कांडताना तुटतो, कणी जास्त पडते. आकार आणि दर्जा यांच्या या भांडणात मला सर्वांत देखणी वाटते ती ‘जीडब्ल्यू८’ आणि ‘जीडब्ल्यू७’ यांची जोडी. पहिले जनुक दाणा रुंद करते आणि दुसऱ्याला दाबून ठेवते. बासमतीत पहिले मंद आहे, म्हणून दाणा सडपातळ. दुसऱ्याला वाव मिळाला की पेशी आडव्या कमी, उभ्या जास्त विभागतात. दाणा निमुळता आणि काचेसारखा होतो, आणि उत्पादनही घटत नाही. हे २०१५ मध्ये दाखवले गेले.

सुवासाचे गणित सोपे आहे : ‘बीएडीएच२’ जनुकामधली आठ अक्षरे गळाली की वास येतो. मऊपणा मात्र ‘वॅक्सी’ जनुकाच्या हाती. ते अमायलोज हा स्टार्चचा एक प्रकार बनवणारे विकर घडवते. अमायलोज २५ टक्क्यांवर गेले की भात मोकळा होतो, निवल्यावर कडक पडतो. दोन टक्क्यांखाली आले की गिच्च चिकट. मऊ भाताच्या जपोनिका या उपजातीच्या वाणांत या जनुकाच्या पहिल्या निरर्थक, म्हणजे प्रथिनाची सूचना नसलेल्या, तुकड्याच्या तोंडाशीच ‘जी’ऐवजी ‘टी’ आहे. पेशीला तो तुकडा नीट कापून टाकता येत नाही, त्यामुळे विकर कमी बनते आणि अमायलोजही. पण दाणा भरताना हवा थंड असेल तर ही कापणी जरा सुधारते आणि अमायलोज वाढते. म्हणून तेच बियाणे थंडीत पिकले तर त्याचा भात कमी चिकट होतो.