नीमन फेलोशिप

अनुभवी पत्रकारांना एक शैक्षणिक वर्ष केवळ अभ्यासासाठी मोकळे करून देणारी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची पाठ्यवृत्ती. १९३८ मध्ये सुरू झालेली ही योजना या प्रकारातील सर्वांत जुनी. स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड येथील पाठ्यवृत्त्या नंतरच्या.

'मिलवॉकी जर्नल' हे वृत्तपत्र नावारूपाला आणणारे ल्यूशस नीमन यांच्या पत्नी ॲग्नेस यांनी मृत्युपत्राने हार्वर्डला मोठी रक्कम ठेवली. पत्रकारितेचा दर्जा उंचावावा, ही त्यांची इच्छा. विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी पत्रकारितेचे विद्यालय काढले नाही. नोकरीत मुरलेल्या पत्रकारांनाच बोलवावे आणि सगळे विद्यापीठ त्यांना खुले करावे, असा तोडगा त्यांनी काढला. त्याच्या यशाची खुद्द त्यांनाही खात्री नव्हती. वृत्तपत्रांच्या सूक्ष्मपटांचा (मायक्रोफिल्मचा) संग्रह करण्याचाही मूळ बेत होता. म्हणून योजनेच्या प्रमुखाला आजही 'संग्रहपाल' म्हणतात. पहिल्या तुकडीत नऊ जण होते, सगळे पुरुष. स्त्रियांना १९४५ मध्ये प्रवेश मिळाला.

परीक्षा नाही, पदवी नाही. कोणत्याही विभागाच्या वर्गात जाऊन बसता येते, निर्वाहवेतन मिळते. वर्षभर बातमी किंवा लेख लिहून द्यायचा नाही, हे बंधन मात्र असते, आणि या पाठ्यवृत्तीचे खरे मोल त्यातच आहे. रोज अंक काढणाऱ्या माणसाला एखादा प्रश्न महिनोन्महिने डोक्यात घोळवायची सवड एरवी कुठे मिळते?

१९५६-५७ मध्ये अँथनी लुइस येथे कायदा शिकले आणि पुढे त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे वार्तांकन केले. रॉबर्ट कॅरो १९६५-६६ मध्ये नगररचनेच्या वर्गात बसत. महामार्ग कुठे बांधले जातात याची गणिती समीकरणे प्राध्यापक मांडत होते. ती उतरवून घेताना कॅरोंच्या मनात आले, की हे सगळे चूक आहे; रस्ते तिथे होतात, कारण रॉबर्ट मोझेस यांना ते तिथे हवे असतात. न्यूयॉर्कच्या या बलाढ्य अधिकाऱ्याचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९७४ मध्ये आले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

अर्जासाठी किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. अमेरिकेबाहेरचे, मुक्त पत्रकारही अर्ज करू शकतात. इंग्रजी लिहिता-बोलता मात्र उत्तम यावे लागते. तालुक्याच्या गावातून मराठीत कसदार बातमीदारी करणाऱ्यांच्या वाटेत ही अट आडवी येते. अशा वर्षाची गरज त्यांना काही कमी नाही.