विसावा आठवडा: गर्भाची वाढ आणि कायद्याची रेघ

सहा आठवड्यांचा गर्भ सोनोग्राफीत दिसतो, ठोकेही बहुधा दिसतात. खरं तर तेव्हा त्याचं वय चारच आठवड्यांचं असतं. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात आणि गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवून तीन महिने मागे जायचं, हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतून रूढ झाला. गर्भ नेमका कधी राहिला हे सांगता येत नसे, पाळीची तारीख निदान आठवत असे. त्या सोयीतून आलेले चाळीस आठवडे पुढे वैद्यकात पक्के झाले आणि न्यायालयापर्यंत पोचले.

गर्भाची वाढ महिन्यागणिक सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदाच्या संहितांत आठवा महिना नाजूक मानला आहे. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं घरातल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. वस्तुस्थिती उलट आहे. फुप्फुसं उघडी ठेवणारा द्रव चोविसाव्या आठवड्याच्या आसपास तयार व्हायला लागतो आणि पुरेसा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्यामुळे आत काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

पोटातलं जिवंत बाळ पाहायची सोय, म्हणजे सोनोग्राफी, मात्र अगदी अलीकडची. धातूतल्या भेगा शोधणारं ध्वनिलहरींचं तंत्र ग्लासगोमध्ये पोटावर वापरून पाहिलं गेलं आणि १९५८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सुरुवातीच्या महिन्यांत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजली तर वय काही दिवसांच्या फरकाने सांगता येतं, हे १९७०च्या दशकात सिद्ध झालं.

भारताचा गर्भपाताचा कायदा १९७१चा, म्हणजे ही यंत्रं इथे रुळण्याआधीचा. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६६ अखेर अहवाल दिला होता. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ही तिच्यासमोरची मोठी चिंता. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, बारा ते वीस आठवड्यांना दोघांचं, अशी रचना झाली. मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मण्याची शक्यता हे कारण कायद्यात होतं, पण ते व्यंग डोळ्यांनी पाहायचं साधन जवळजवळ नव्हतं. आठवडे कुठून मोजायचे, हेही कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

विसाव्या आठवड्याला गर्भात वेगळं असं काही घडत नाही. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून बनतात, ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. हृदयाचे चार कप्पे दहाव्याच्या आसपास तयार झालेले असतात. विसाव्याला बाळ साधारण तीनशे ग्रॅमचं असतं आणि पहिलटकरणीला त्याची हालचाल नुकती कळायला लागलेली असते. पण पाव बोटाएवढ्या हृदयातला दोष यंत्रावर नीट दिसायला अठरा ते बावीस आठवडे जावे लागतात. व्यंग शोधायची सोनोग्राफी, म्हणजे अनॉमली स्कॅन, तेव्हाच करतात. म्हणजे दोष बनतो दहाव्याच्या आत, दिसतो विसाव्याच्या आगेमागे, आणि कायद्याचं दार बंद होत होतं बरोब्बर विसाव्याला. अहवाल हाती येऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवेपर्यंत मुदत उलटलेली असे.

२००८ साली मुंबईतल्या एका जोडप्याने बाळाच्या हृदयातला दोष कळल्यावर उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. तोवर चोविसावा आठवडा उलटून गेला होता. न्यायालयाने नकार दिला. पुढे त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला. त्यानंतर कायदा बदलायला तेरा वर्षं लागली, आणि मधल्या काळात अशा बायका एकेक करून न्यायालयात जात राहिल्या. माझ्या मते हा उशीर वैद्यकीय कारणांनी समजावता येत नाही.

एक अडचण मात्र खरी होती. सोनोग्राफीचं हेच यंत्र मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठीही वापरलं जात होतं. महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा लिंगनिदानावर कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला आणि २००३ साली त्यात सोनोग्राफी यंत्रांवरचे निर्बंध कडक झाले. मुदत वाढवली तर मुलींच्या जिवावर उठेल, ही भीती त्यातून आली. पण लिंग सोनोग्राफीत विसाव्याच्या बरंच आधी कळतं. ज्यांना ते पाप करायचं होतं, त्यांना चोविसाव्याची गरज नव्हती.

२०२१च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं केलं, ठरावीक गटांतल्या बायकांना चोविसाव्यापर्यंत मुभा दिली आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर वरची मर्यादाच काढून टाकली. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं, असं नियमांत आहे. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही ती मुभा लागू केली.

ऑक्टोबर २०२३मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गरोदर विवाहितेला त्याच न्यायालयाने आधी परवानगी दिली, मग बाळ जगण्याजोगं आहे या वैद्यकीय अहवालानंतर ती नाकारली. आधीच्या बाळंतपणानंतर ती मानसिक आजाराने त्रस्त होती. बाळात व्यंग नव्हतं, त्यामुळे मर्यादा काढून टाकणारं कलम तिच्या उपयोगाचं नव्हतं.