डेप्युटेशन की थेट करार? बाहेरदेशी कामाला होकार देण्याआधी

गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने, कोराडी, मौदा, तिरोडा नि चंद्रपूरची वीज केंद्रं, वणी-राजुऱ्याच्या खाणी. या पट्ट्यातल्या वेल्डर, फिटर, रिगर, इलेक्ट्रिशियन पोरांना सौदी, कतार, ओमानच्या कामाची विचारणा दोन तऱ्हेने होते. एक तर आहे तीच कंपनी म्हणते, "तिकडं शटडाउनचं, म्हणजे कारखाना थांबवून दुरुस्तीचं, काम मिळालंय, सहा-आठ महिने जाऊन ये." नाहीतर एजंट डिमांड लेटर, म्हणजे परदेशी मालकाचं माणसं मागणारं पत्र, दाखवतो: दोन वर्षांचा करार, खाणं-राहणं फुकट. गावात दोन्हींची बातमी एकाच शब्दांत पसरते, पोरगं बाहेरदेशी चाललं. साइट एकच असू शकते, कॅम्पही एकच. पण पहिल्यात, म्हणजे डेप्युटेशनमध्ये, तुम्ही आपल्याच मालकाच्या कामाला दुसऱ्या देशात जाता, तर दुसऱ्यात, म्हणजे थेट करारात, इथली नोकरी सोडून नवा मालक धरता. पगार, पीएफ, अपघाताची भरपाई, परत आल्यावरचं काम, सगळं या एका फरकावर ठरतं.

ओळखायचं कसं

व्हिसा पाहून हे कळत नाही, गोंधळ होतो तो इथेच. आखातात कामाच्या व्हिसाला तिथला प्रायोजक लागतो. म्हणून डेप्युटेशनवर गेलेल्याच्या इकाम्यावरही (तिथल्या निवास परवान्यावरही) बहुधा तिथल्याच एखाद्या कंपनीचं नाव असतं: आपल्या कंपनीची शाखा, भागीदार किंवा ज्याचं काम घेतलंय तो. व्हिसासाठी एक वेगळा करारही सही करून घेतात. त्यामुळे डेप्युटेशनमध्ये दोन कागद असतात, आणि खरा कागद इथल्या कंपनीच्या लेटरहेडवरचा. त्यात तीन गोष्टी शोधा: परदेशातल्या काळात इथली नोकरी चालू राहील, सेवा अखंड धरली जाईल, आणि दोन करारांत फरक पडला तर इथलं पत्र मानलं जाईल. तिसरी ओळ बहुतेक पत्रांत नसते. ती मागून घ्यावी.

"आत्ता राजीनामा द्या, परत आल्यावर बघू" असं एचआरवाल्याने सांगितलं, तर ते डेप्युटेशन नाही, मग पत्रावर काहीही लिहिलेलं असो.

सरकारदरबारी या दोघांची नोंदही वेगळी असते. परदेशात प्रकल्प घेऊन स्वतःची माणसं नेणारी भारतीय कंपनी ई-मायग्रेट पोर्टलवर प्रोजेक्ट एक्स्पोर्टर म्हणून नोंदलेली असते. परदेशी मालकासाठी माणसं भरणारा तो रिक्रूटिंग एजंट, त्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो. दोन्ही नावं ई-मायग्रेटवर तपासता येतात, परवाना चालू आहे की निलंबित तेही दिसतं. गावातला किंवा तालुक्याच्या चौकातला "एजंट" मात्र बहुधा मधला माणूस असतो, त्याच्याकडे परवाना नसतो. त्याला पहिला प्रश्न एकच: भरती कोणाच्या परवान्यावर होणार? नाव आणि क्रमांक सांगता आला नाही तर पुढं बोलण्यात अर्थ नाही.

पैशाचा नियम साधा आहे. डेप्युटेशनला तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचं कारण नाही. व्हिसा, मेडिकल, तिकीट सगळं कंपनीचं. परवानाधारक एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेऊ शकतो, तेही पावती देऊन. याउपर जे मागतात, ते "व्हिसाचे पैसे" म्हणून मागतात आणि रोखीत मागतात. वावर गहाण ठेवून किंवा सावकाराकडून उचलून दीड-दोन लाख दिले, की पहिलं वर्ष ते फेडण्यातच जातं, आणि साइटवर फसवणूक झाली तरी कर्जाच्या धाकाने माणूस परत फिरत नाही.

पासपोर्टवरचा शेरा

दहावी न झालेल्यांना साधारणपणे ईसीआर, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक, असा पासपोर्ट मिळतो. वेल्डरच्या ट्रेडला आयटीआयत आठवी पासवरही प्रवेश मिळतो, त्यामुळे हाताला पक्कं काम असलेल्या बऱ्याच पोरांचे पासपोर्ट ईसीआर असतात. असा पासपोर्ट घेऊन सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया धरून 18 देशांत कामाला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. डेप्युटेशन असो की थेट करार, ती चुकत नाही. तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा असतो: अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं संरक्षण, आणि हप्ता दोन वर्षांसाठी 275 किंवा तीन वर्षांसाठी 375 रुपये अधिक कर.

ही मंजुरी टाळायला काही जण पोरांना व्हिजिट व्हिसावर पाठवतात, "तिथं गेल्यावर वर्क व्हिसात बदलून घेऊ" म्हणून. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. मजुरी बुडाली तर तक्रार करायला जागा राहत नाही, कारण कागदावर तुम्ही पर्यटक. इथल्या कंपनीनेही "छोटं काम आहे, व्हिजिटवर चला" म्हटलं तरी उत्तर तेच. शटडाउनसारख्या थोड्या दिवसांच्या कामाला काही देश तात्पुरता कामाचा व्हिसा देतात, तो मागायचा.

900 रियाल आणि 1,800 रियाल

समजा, चंद्रपूरकडचा एक फिटर इथं 22,000 रुपये घेतो. कंपनी म्हणते, इथला पगार चालू, वर 900 रियाल साइट भत्ता. एजंट म्हणतो, 1,500 रियाल मूळ पगार आणि 300 रियाल जेवणाचे. ऐकताना दुसरी रक्कम दुप्पट वाटते. रियाल 22 रुपयांचा धरून मांडू. एजंटवाल्याचे 1,800 रियाल म्हणजे 39,600 रुपये. डेप्युटेशनमध्ये 22,000 मधून पीएफचे 1,800 कापून हातात 20,200, भत्त्याचे 19,800, मिळून 40,000. पारडं जवळपास सारखं. शिवाय डेप्युटेशनवाल्याच्या नावावर स्वतःचे 1,800 आणि मालकाचे 1,800 दरमहा जमा होत राहतात.

खेळ खरा फिरतो तो ओव्हरटाइमवर. सौदी कायद्यात रोजचे 8 तास, आठवड्याचे 48. त्यावरच्या तासाला तासाची मजुरी अधिक मूळ पगाराच्या निम्मं. 1,500 ला 240 तासांनी भागलं की तास 6.25 रियालचा, ओव्हरटाइमचा तास 9.375 चा. रोज दोन तास जादा, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 52 तासांचे 487.5 रियाल, साधारण 10,700 रुपये. थेट करारात हे पैसे तुमचे. डेप्युटेशनच्या पत्रात मात्र भत्ता "सर्वसमावेशक" लिहून ओव्हरटाइम त्यातच गिळलेला असतो. शटडाउनवर काम तर जास्तच पडतं, म्हणून हे वाक्य सहीआधी बदलून घ्यायचं.

थेट करारातही उलटी चलाखी असते. ऑफर लेटरवर "1,800 रियाल, ड्युटी 10 तास" असं लिहितात. म्हणजे रोजचे दोन जादा तास त्या 1,800 मध्येच धरलेले, आणि तासाचा भाव तुम्ही समजता त्यापेक्षा बराच कमी. मूळ पगार, तास, ओव्हरटाइमचा दर आणि जेवणाचे पैसे या चार रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या नसतील तर ते ऑफर लेटर अर्धवट समजा. ई-मायग्रेटवर चढवलेल्या करारात आणि हातातल्या कागदात आकडे तेच आहेत का, हेही पडताळा. विमानतळावर पोचल्यावर दुसराच करार पुढं करणं ही जुनी खोड आहे.

आयकराची धास्ती या आकड्यांना उगाच घेतली जाते. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरले तर तुम्ही निवासीच, आणि तिथला पगारही इथल्या उत्पन्नात धरला जातो. पण वर्षाला पाच लाखांच्या आसपास बसणाऱ्या माणसाला नव्या करप्रणालीत तसाही कर लागत नाही. थेट करारावर दोन वर्षं जाणाऱ्याने बँकेला सांगून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशाचं खातं) करून घ्यावं आणि पगार पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) उघडावं.

पीएफ, पेन्शन, दुखापत

थेट करारावर जाताना अनेक जण सगळा पीएफ काढून घेतात. मग सोबत पेन्शनचा हिशेबही मोडतो. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. सात वर्षं भरून पैसे काढले तर परत आल्यावर शून्यापासून सुरुवात. त्याऐवजी फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे आधीची सात वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. डेप्युटेशनला ही कटकट नाही, पण दर महिन्याला पासबुक उघडून भरणा येतोय का ते पाहावं. जर्मनी, जपान, दक्षिण कोरियासारख्या सामाजिक सुरक्षा करार असलेल्या देशात पाठवत असतील तर कंपनीने ईपीएफओकडून (पीएफ कार्यालयाकडून) कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे वर्गणी भारतातच भरली जाते याचा दाखला, काढायला हवं, नाहीतर तिथलीही वर्गणी कापली जाते. आखाताशी असा करार नाही.

थेट करारावर गेलेल्याला सौदीत दोन वर्षांची मुदत पूर्ण झाल्यावर वर्षाला अर्ध्या महिन्याप्रमाणे एका महिन्याचा पगार सेवासमाप्तीचा मिळतो. इथली ग्रॅच्युइटी त्याला लागू नाही.

दुखापतीच्या बाबतीत डेप्युटेशन उजवं. भारतात नोंदलेल्या कंपनीने परदेशी नेलेल्या कामगाराला इथल्या नुकसानभरपाई कायद्यात 1995 पासून धरलेलं आहे, म्हणजे दाव्याला इथला मालक समोर उभा करता येतो. थेट करारात दावा तिथल्या कायद्याने, तिथल्या भाषेत चालतो. मृत्यू झाल्यास पार्थिव गावी पोचवण्याचा खर्च कोणाचा, हे कलम दोन्हीत असायलाच हवं.

परत येताना आणि अर्ध्यात सुटताना

डेप्युटेशनचं काम लवकर आटोपलं तर भत्ता बंद होतो. त्यामुळे "किमान इतके महिने" हे लिहून घ्या, आणि परतल्यावर कोणतं पद, कोणती साइट तेही. बॉण्ड असेल तर त्यातली रक्कम प्रत्यक्ष खर्चाएवढीच असावी आणि काम केलेल्या महिन्यांप्रमाणे घटत जावी.

थेट करारात धोका सुरुवातीलाच असतो. ट्रेड टेस्टला 6जी (तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपच्या) वेल्डिंगचा अनुभव सांगितला आणि साइटवर सहा इंची पाइपचा तुकडा पुढं आला, रूट टिगने, वर आर्कने, मग एक्स-रे. त्यात जोड नापास झाला की हेल्परच्या पगारावर तरी ठेवतात किंवा प्रोबेशनमध्येच परत पाठवतात. येत नाही ते काम कागदावर चढवू नये, एजंट कितीही म्हणो. आणि पटलं नाही म्हणून कॅम्प सोडून पळू नये. मालकाने "हुरूब", म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की घरी परतणंही अवघड होतं. पासपोर्ट अडवला, पगार थकला तर भारतीय दूतावासात तक्रार करावी. घरच्यांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा नि:शुल्क क्रमांक 1800113090 आहे.

मग घ्यायचं कोणतं? पीएफ नियमित भरणारी, पाच-सात वर्षांची नोकरी असेल तर रियाल कमी दिसले तरी डेप्युटेशन. ठेकेदाराच्या हजेरीवर, पीएफविना काम असेल, तर इथं जपण्यासारखं काही नाही. नोंदणीकृत एजंटमार्फतचा थेट करार त्याला जास्त पैसे देऊन जातो. सर्वांत वाईट ते मधलं: ठेकेदार म्हणतो "आपल्याच कंपनीतर्फे", ई-मायग्रेटवर त्याची नोंद नाही, पगाराची पावती कधी दिली नाही. तिथं दोन्हींचे तोटे अंगावर येतात.

वावर असेल तर जाण्याची तारीख हंगामाशी ताडून पाहा. सहा महिन्यांच्या डेप्युटेशनला जूनमध्ये निघालं तर पेरणी, पीक विम्याचा अर्ज, ई-पीक पाहणी आणि कपाशीची पहिली वेचणी सगळं घरच्यांवर पडतं. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचं व्याज शून्यावर यायचं तर 30 जूनच्या आत भरणा लागतो. ती रक्कम निघण्याआधी बाजूला काढा. दोन वर्षांना जाणाऱ्याने बायको किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे इथं असतानाच करून घ्यावं. तिथून करायचं म्हटलं तर दूतावासाची फेरी नि एका दिवसाची रजा दोन्ही जातात.