पिसांचे आमिष आणि भूक नसलेला मासा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिॲटलच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर स्कॅजिट नदी लागते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात उगम पावून, कॅस्केड पर्वतरांगेतून वाट काढत ही सुमारे २४० किलोमीटर लांबीची नदी प्युजेट साउंड या सागरी खाडीला मिळते. फेब्रुवारीतल्या सकाळी तिच्या पाण्याचे तापमान चार-पाच अंश सेल्सिअस असते. अशा पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून, चार मीटर लांबीच्या काठीने पिसांचा एक झुबका प्रवाहात सोडत राहणारी माणसे इथे हंगाम खुला असला, की हिवाळ्यात दिसतात. त्यांना हवा असतो स्टीलहेड, आणि गंमत अशी की समुद्रातून नदीत शिरल्यापासून या माशाने खाणे जवळजवळ सोडलेले असते. न खाणारा मासा गळाला लागावा कसा, हा प्रश्न धरून या छंदाकडे पाहिले, तर त्यातली प्रत्येक युक्ती थंड पाण्याने शिकवलेली आहे असे दिसते.

स्टीलहेड ही माशांची स्वतंत्र जात नव्हे. इंग्रजांनी निलगिरीत आणून सोडलेला आणि आज हिमाचल प्रदेश व काश्मीरमध्ये पाळला जाणारा रेनबो ट्राउट आणि हा मासा एकच, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. फरक फक्त जगण्याच्या रीतीचा आहे. काही मासे जन्मभर नदीतच राहतात, तर काही समुद्रात जाऊन मोठे होतात आणि विणीसाठी परततात. या दुसऱ्या गटाला स्टीलहेड म्हणतात. कॅलिफोर्नियातील माशांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पाचव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा सुलट बसला आहे की उलट, याचा या निवडीशी संबंध आहे. माद्यांचा कल समुद्राकडे अधिक असतो आणि त्याचे कारण सरळ आहे: समुद्रात अन्न भरपूर, त्यामुळे शरीर मोठे आणि अंडीही जास्त. नराचे मात्र छोट्या शरीरावरही भागते.

नदीत साधारण दोन वर्षे किडे खाऊन वाढलेले पिल्लू एका वसंतात बदलू लागते. त्वचेत ग्वानिन या चकाकणाऱ्या द्रव्याचे स्फटिक साठून अंगावरचे पट्टे झाकले जातात आणि सगळा मासा चांदीसारखा चकाकतो. त्याहून मोठा बदल कल्ल्यांत होतो. नदीत असताना कल्ल्यांतल्या पेशी पाण्यातून क्षार शोषून घेत असतात. समुद्रात त्यांना नेमके उलट, म्हणजे जास्तीचे क्षार बाहेर टाकण्याचे काम करावे लागते, आणि ही तयारी खारे पाणी लागण्याआधीच सुरू झालेली असते. पुढची दोन-तीन वर्षे उत्तर पॅसिफिक महासागरात जातात. तिथे दिशा कशी कळते, याचा एक धागा २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून हाती आला: ज्या पिल्लांना विस्कटलेल्या चुंबकीय क्षेत्रात वाढवले, त्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून आपली जागा ओळखता येईना. किनारा गाठल्यावर मात्र नाक कामाला येते आणि जन्मनदीच्या पाण्याचा लहानपणी ओळखीचा झालेला वास माशाला आपल्या ओढ्यापर्यंत आणतो.

परतीच्या दोन वेळा आहेत. उन्हाळी स्टीलहेड अपरिपक्व अवस्थेत नदीत येतात आणि कित्येक महिने थांबून मग वीण करतात. हिवाळी स्टीलहेड समुद्रातच जवळजवळ परिपक्व होऊन नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान येतात आणि त्याच वसंतात अंडी घालतात. स्कॅजिटमध्ये आणि तिला रॉकपोर्टपाशी मिळणाऱ्या सॉक नदीत हिवाळी माशांचा मुख्य ओघ फेब्रुवारीनंतरचा. सर्वसाधारण मासा तीन ते पाच किलोंचा असतो. नऊ किलोंचा मिळाला तर मच्छीमार आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलतो. गळाने धरलेल्या स्टीलहेडचा जागतिक विक्रम सुमारे १९ किलोंचा असून तो १९७०मध्ये अलास्कात एका लहान मुलाच्या नावावर नोंदला गेला, ही गोष्ट अनुभवी मंडळींना जराशी टोचतच असावी.

आता पुन्हा थंड पाण्याकडे वळू. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते आणि तापमान दहा अंशांनी उतरले, की चयापचयाचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. प्राणवायूची चणचण नसते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळत असेल, तर चार अंशांना तो तेरा मिलिग्रॅमपर्यंत जातो. कमतरता असते ती शक्तीची. महिनोन्महिने खायचे नाही आणि पोटातली अंडी पोसायची, म्हणजे साठवलेली चरबी जपून वापरणे आले. म्हणून हा मासा मुख्य धारेत झुंजत बसत नाही. माणसाच्या चालण्याइतक्या वेगाची धार, एक-दोन मीटर खोली आणि तळाशी नारळाएवढे गोटे अशी जागा तो निवडतो, कारण गोट्यांशी घासून तळाजवळचे पाणी मंदावलेले असते. वरून वेगाने जाणाऱ्या आमिषामागे धावणे त्याला परवडत नाही. आमिष त्याच्या पातळीवर, त्याच्या तोंडासमोरून आणि सावकाश गेले पाहिजे.

इथे भौतिकशास्त्राची अडचण उभी राहते. साध्या गळात शिशाचे वजन पुढे जाते आणि दोरी त्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये पिसांच्या आमिषाला वजन जवळजवळ नसतेच. फेकायची असते ती जड दोरी, आणि आमिष तिच्यामागून जाते. एरवी ही दोरी आधी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडावी लागते. स्कॅजिटच्या काठावर तर पाठीशी सीडर आणि कॉटनवुडची झाडी असते. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर यासाठी दोन हातांनी धरायच्या लांब काठीची पद्धत निघाली होती. वॉशिंग्टनच्या मच्छीमारांनी १९९०च्या दशकात तिला वेगळे वळण दिले आणि आज ती ‘स्कॅजिट’ याच नावाने जगभर ओळखली जाते. दोरीचा पुढचा भाग आखूड आणि जाड, वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास. त्याच्या टोकाला टंगस्टनची पूड मिसळलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनाची, भरभर बुडणारी तीन-चार मीटर दोरी जोडतात. फेकण्याआधी हे टोक पाण्यावर पसरून ठेवायचे, मग काठी मागे फिरवायची. पाण्याने दोरी धरून ठेवलेली असल्यामुळे काठी ताणलेल्या धनुष्यासारखी वाकते आणि पुढच्या झटक्याला पंचवीस मीटर दोरी नदीवरून सरसरत जाते. पाठीमागे जेमतेम तीन-चार मीटर मोकळी जागा पुरते. पाण्याची ही पकड सुटताना फडके टरकावल्यासारखा आवाज होतो. तो नीट आला, की फेक साधली असे समजावे.

फेक साधणे हे निम्मेच काम. दोरी प्रवाहाला आडवी पडते आणि मधली वेगवान धार तिच्या पोटाला ओढून पुढच्या आमिषाची फरफट करते. म्हणून ती उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी लागते. मग आमिष बुडते आणि घड्याळाच्या काट्यासारखे हळूहळू काठाकडे सरकते. शहामृगाची आणि ‘माराबू’ म्हणून ओळखली जाणारी टर्कीची लांब, मऊ पिसे नेमकी इथे उपयोगी पडतात, कारण आमिष जागीच असले तरी पाण्याच्या हलक्या स्पर्शानेही ती श्वास घेतल्यासारखी हलतात. काठाशी आले, की दोन पावले खाली सरकायचे आणि पुन्हा फेकायचे. दिवसभर असेच.

तरीही मासा त्याला तोंड का लावतो? पकडलेल्या हिवाळी स्टीलहेडचे पोट बहुधा रिकामेच सापडते. पिल्लू असताना नदीत पुढ्यात येईल ते धरण्याची जडलेली सवय, आपल्या जागेत घुसलेल्याला हुसकावण्याची वृत्ती, निव्वळ कुतूहल, अशी उत्तरे दिली जातात. मला पहिले उत्तर जास्त पटते, पण माशाला विचारण्याची सोय नाही.

मासा हाती आल्यावर पहिली नजर पाठीवर, शेपटीच्या अलीकडे असलेल्या छोट्या मांसल पराकडे जाते. तो कापलेला असेल तर मासा अंडी-उबवणी केंद्रातला. शाबूत असेल तर रानटी समजून त्याला सोडणे बंधनकारक असते, आणि वॉशिंग्टनच्या नियमानुसार सोडायचा मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलताही येत नाही. हा भेद भावनेपोटी केलेला नाही. ओरेगनच्या हूड नदीतील स्टीलहेडच्या जनुकीय अभ्यासातून २००७मध्ये असे दिसले, की बंदिस्त वाढीच्या प्रत्येक पिढीमागे माशांची नदीत यशस्वी वीण करण्याची क्षमता सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. त्याच वर्षी प्युजेट साउंडच्या स्टीलहेडला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळाले. स्कॅजिटवरचा वसंतातला हंगाम काही वर्षे बंदच होता. २०१८मध्ये तो फक्त ‘पकडा आणि सोडा’ या अटीवर पुन्हा उघडला. थंड पाण्यात दमलेला मासा लवकर सावरतो हे खरे, पण हवेत कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वास थांबतो. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थरही निघून जातो. गळाला उलटा काटा नसावा, हात ओले असावेत, आणि फोटोची हौस शक्य तितकी आवरावी.

सोडण्याला आणखी एक कारण आहे. पॅसिफिकमधले चिनूक, कोहो, चम यांसारखे सॅमन एकदा वीण झाली की मरतात. स्टीलहेड मात्र जगून समुद्रात परत जाऊ शकतो आणि पुन्हा येऊ शकतो. हे त्याच्या खवल्यावरच लिहिलेले असते. नखाहून लहान खवला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात: मध्याजवळ दाटीने बसलेली नदीतली वर्षे, त्याबाहेर ऐसपैस समुद्रातली वर्षे, आणि कधीकधी मध्येच कुरतडल्यासारखी तुटलेली एक रेघ. ती रेघ म्हणजे विणीच्या उपासात शरीराने खवल्याच्या कडेचे क्षार परत शोषून घेतल्याची खूण.

अशा परतणाऱ्यांत माद्या जास्त असतात. शेपटीने गोट्यांत खळगा खणून, अंडी घालून, त्यांवर पुन्हा गोटे लोटून झाल्यावर ही मादी एप्रिल-मेमध्ये प्रवाहाबरोबर खाली निघते. पोट आत गेलेले, शेपटीच्या कडा झिजलेल्या, अंग पुन्हा चंदेरी होऊ लागलेले. आता तिची भूक जागी झालेली असते, त्यामुळे हिवाळाभर हुलकावणी देणाऱ्या या माशांपैकी पिसांवर बेधडक झडप घालते ती हीच. तिच्या अंगात झुंजायला फारसे बळ उरलेले नसते. जाणकार मच्छीमार ती लागल्याचे ओळखताच दोरी आवरून तिला पटकन मोकळे करतो आणि तेवढा डोह सोडून पुढे जातो.