गोल्फनंतरची बैठक आणि कोरडं बडोदा

बडोद्यात गोल्फ म्हटलं की लक्ष्मीविलास पॅलेसचं आवार डोळ्यांपुढे येतं. समोर राजवाडा, पलीकडे मोतीबागचं क्रिकेट मैदान, झाडीत मोर. पुण्या-मुंबईचा पाहुणा अशा ठिकाणी खेळून खूश होतो आणि शेवटचं होल संपलं की हमखास विचारतो, "आता गार बियर कुठे मिळेल?" मिळत नाही. बडोद्यात पब नाही आणि बारही नाही. पाहुण्याला ही उणीव वाटते, कारण जगभर गोल्फच्या अठरा होलनंतरचं ठिकाण म्हणजे बार, आणि त्याला गंमतीने एकोणिसावं होल म्हणायची पद्धतच पडून गेली आहे. ही पद्धत आली कुठून आणि बडोद्यात येऊन अडली का, हे दोन्ही समजून घेण्यासारखं आहे.

गोल्फ आणि दारूची सोयरीक खेळाच्या लेखी नियमांइतकी जुनी आहे. एडिनबराजवळच्या लीथमध्ये १७४४ साली काही सद्गृहस्थांनी चांदीच्या क्लबसाठी, म्हणजे गोल्फच्या काठीसाठी, स्पर्धा ठेवली आणि तिच्यासाठी १३ नियम लिहून काढले. ती स्पर्धा जॉन रॅट्रे नावाच्या शल्यवैद्याने जिंकली. या मंडळींकडे तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. खेळून झालं की ते लकी क्लेफन या बाईंच्या खानावळीत जमायचे. तिथे जेवण व्हायचं, पुढच्या सामन्याच्या पैजा लागायच्या, आणि पैज बहुतेक वेळा क्लॅरेटवर, म्हणजे बोर्दोच्या तांबड्या वाइनवर असायची. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजला १७५४ मध्ये मंडळ निघालं, तिथेही तीच रीत. पंधरवड्यातून एकदा सकाळी अकराला जमायचं, एक फेरी खेळायची, मग बेली ग्लास यांच्याकडे जेवायला बसायचं आणि प्रत्येकाने एक शिलिंग द्यायचा. गैरहजर राहिलेल्यानेसुद्धा! मला या नियमातलं हे कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खेळ चुकला तर चालेल, पण पंगतीचा वाटा चुकवता येणार नाही, असं ते मंडळ ठरवत होतं. अठरा होलचा हिशेबही सेंट अँड्र्यूजचाच. १७६४ मध्ये त्यांनी बावीस होलची फेरी अठरावर आणली आणि पुढे जगाने ती उचलली.

खानावळीतून क्लबहाउसमध्ये जायला या मंडळींना बराच काळ लागला. सेंट अँड्र्यूजची आजची प्रसिद्ध इमारत १८५४ ची. पण वाइनची खूण खेळावर कायमची उमटून राहिली. ब्रिटनच्या ओपन स्पर्धेचा जो चषक विजेता आजही उंच धरतो, तो १८७३ मध्ये घडवलेल्या क्लॅरेटच्या चांदीच्या सुरईची प्रतिकृती आहे. गोल्फमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस हे वाइन वाढायचं भांडं आहे, हे टीव्हीवर पाहताना कित्येकांच्या लक्षात येत नाही.

भारतात हा खेळ १८२९ मध्ये कलकत्त्याला आला. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा पहिला गोल्फ क्लब. १८४२ मध्ये मुंबईला क्लब निघाला. गोऱ्या अधिकाऱ्यांसोबत क्लबातला बार आला, जिन-टॉनिक आलं, सही करून बिल खात्यावर टाकायची पद्धत आली, आणि देशी माणसाला दाराबाहेर ठेवायचा रिवाजही आला. तो रिवाज सुटायला फार वर्षं गेली. स्त्रियांचीही तीच कथा. सेंट अँड्र्यूजच्या मुख्य क्लबने त्यांना सभासदत्व द्यायला २०१४ साल उजाडलं.

बडोद्यात गोल्फ आला तो राजवाड्याच्या अंगणातून. लक्ष्मीविलास सयाजीरावांनी १८९० मध्ये पूर्ण करवला. त्याच्या आवारात १९३०च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान आखून घेतलं. तेव्हा बडोदा हे स्वतंत्र संस्थान होतं, अबकारी हे त्याच्या उत्पन्नाचं खातं होतं आणि पाहुण्याच्या हाती ग्लास देण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं आणि दारूबंदीवर त्यांची मनापासून निष्ठा होती. थोडं थांबून बघा: संस्थान वर्षभर उशिरा विलीन झालं असतं तरी फरक पडला नसता, कारण १ मे १९६० रोजी गुजरात वेगळा झाला तेव्हा नव्या राज्याने हाच कायदा उचलून पुढे चालवला. महाराष्ट्राने परमिटच्या वाटेने तो सैल करत नेला. गुजरातने घट्ट धरला, २०११ मध्ये त्याचं नावही गुजरातच्या नावावर करून घेतलं, २०१७ मध्ये शिक्षा आणखी कडक केल्या. म्हणजे बडोद्याच्या मराठी घरातला एक भाऊ पुण्यात राहतो आणि दुसरा दांडियाबाजारात, तर एकाच कायद्याच्या दोन फांद्यांवर ते दोघे बसलेले असतात.

यातली एक गोष्ट मला नेहमी चकित करते. १९०७ मध्ये बडोद्यात सुरू झालेली अलेंबिक कंपनी पहिल्यापासून टिंक्चर आणि अल्कोहोल बनवत होती. तिच्या संस्थापकांत त्रिभुवनदास गज्जर, भाईलाल अमीन यांच्याबरोबर कोटिभास्कर हे मराठी गृहस्थही होते. पुढे याच समूहाच्या काचकारखान्यातून 'येरा'चे ग्लास निघू लागले आणि देशभरच्या घरांत, हॉटेलांत पोचले. तळाशी जाड, वर पातळ काठाचा तो ग्लास ज्या गावात घडला, त्या गावात त्यात सरबत आणि ताकच ओतलं गेलं.

कायद्यात फटी आहेत. बाहेरच्या राज्यातल्या पर्यटकाला तात्पुरतं परमिट मिळतं, चाळिशीपुढच्या स्थानिकाला डॉक्टरी तपासणीनंतर आरोग्य परमिट मिळू शकतं, आणि काही हॉटेलांत परमिटवर विक्रीचं दुकान असतं. पण त्या बाटलीभोवती बैठक जमत नाही. ती खोलीत नेऊन पिण्याची वस्तू असते. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत हॉटेल-क्लबांना जेवणासोबत मद्य देण्याची मुभा दिली गेली, तीही ठरावीक लोकांपुरती. बडोद्याचे शौकीन अजून दमणची किंवा आबूची वाट धरतात. दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं म्हणून ओलं राहिलं. आबू काही वर्षं मुंबई राज्यात होतं, १९५६ मध्ये राजस्थानात गेलं. सरहद्द तेव्हा दुसरीकडून आखली गेली असती तर तिथले बारही आज नसते.

राजवाड्याचं मैदान मधल्या काळात मागे पडलं. १९९०च्या दशकात प्रतापसिंहरावांचे नातू, रणजी खेळलेले समरजितसिंहराव गायकवाड यांनी ते नव्याने उभं केलं आणि सर्वांसाठी खुलं केलं. ही घटना मला दारूबंदीपेक्षा मोठी वाटते. ज्या खेळाच्या बैठकीत देशी माणसाला आणि बायकांना जागा नव्हती, ती बैठक इथे गिऱ्हाइकाचं नाव-गाव न विचारता मांडली गेली. दारू नाही म्हणून शाळकरी मुलं, आजी, कुटुंबच्या कुटुंबं टेबलाभोवती बसू शकतात, आणि स्कोअरकार्डावरचा वाद आइस्ड टीवर मिटतो. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. आर्नल्ड पामर हा गोल्फची मानाची मास्टर्स स्पर्धा चार वेळा जिंकलेला खेळाडू, आणि त्याच्या नावाने जगभर मागवलं जाणारं पेय म्हणजे आइस्ड टीत मिसळलेलं लिंबूसरबत.

पाहुण्याला मी बियरऐवजी शेव-उसळ खाऊ घालतो. बडोद्याची शेव-उसळ मराठी उसळीचीच गुजरातेत रुळलेली पोर आहे. वाटाण्याची पातळ उसळ, वर लाल तरी, लसणाची झणझणीत चटणी, जाड शेव, चिरलेली कांद्याची पात आणि पाव. तरी पुन्हा पुन्हा मागायची असते, त्याचे पैसे कुणी मोजत नाही. चार माणसं एका बाकाभोवती उभी राहतात, नाकं पुसत, तिसऱ्या होलवर बॉल पाण्यात कसा गेला यावर भांडत. एक शिलिंग कुणी चुकवायचा नाही हा सेंट अँड्र्यूजचा नियम इथे आपोआप पाळला जातो: ज्याचा स्कोअर सगळ्यात वाईट, बिल त्याचं.